समोरच्या खोलीतलं ऊन

खोली बघायला गेलो तेव्हा काकूंनी मला भाडं सांगितलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. अंगणाकडची समोरची खोली उघडून त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खोली ही. पर दिवाळी ते होळी ही तुमची न्हाई."

"मग तेवढे दिवस मी कुठं जायचं?"

"मागच्या खोलीत. आन मागचे इथं येतेत."

झरीच्या सबस्टेशनला मी नुकताच ऑपरेटर म्हणून रुजू झालो होतो. गावात दुसरी धड खोली मिळत नव्हती आणि इथं अंगणात बेलाखाली गाडी लावायला जागा होती, म्हणून मी हो म्हणून टाकलं. तर काकूंनी लगेच सांगितलं की गाडी बेलाखाली लावायची नाही. सकाळी तिथं सावली असली तरी दुपारी नसते, मग सीट तापलं म्हणून मीच बोंबलत येईन. सकाळी गाडी कुठं, दुपारी कुठं आणि संध्याकाळी कुठं, अशा तीन जागा त्यांनी मला फिरून दाखवल्या.

"झाड तर एका जागी आहे, काकू," मी म्हणालो.

"झाडबी फिरायलंय, तुमीबी फिरायलाव, मीबी फिरायले. एक तो सूर्य तेवढा गप बसलाय. त्याच्याकडून काई शिका."

घरमालकीण जरा वेगळी आहे हे तिथंच लक्षात आलं होतं. किती वेगळी, ते कळायला पुढचं सगळं वर्ष गेलं.

काकू बुटक्या, काटक, साठी ओलांडलेल्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. बोलणं मात्र पूजेच्या आधीच सुरू व्हायचं. मी ऑपरेटर आहे, लाइनमन नाही, हे त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. त्या मला शेवटपर्यंत 'लाइटवाले'च म्हणाल्या. लाइट गेली की पहिली हाक मला, मग मी ड्यूटीवर असो की आंघोळीला.

"लाइटवाले, तुमची लाइट दिवसातून चारदा जाती. सूर्य एकदाच जातोय, आन तेबी सांगून."

"काकू, तुम्हीच म्हणता सूर्य कुठं जात नाही."

"तुमच्यासंगं बोलताना तुमच्या भाषेत बोलावं लागतंय," त्या म्हणायच्या आणि आत जायच्या.

कारण त्या घरात 'सूर्य उगवला' आणि 'सूर्य मावळला' हे दोन्ही शब्द वर्ज्य होते. संध्याकाळी अंगण झाडताना काकू पश्चिमेकडं बघून म्हणायच्या, "चला, फिरलो आपण." पाहुणे असले तर त्यांनाही सांगायच्या, "बसा की, आताच तर फिरलो." नवीन माणसाला वाटायचं, बाईंनी कुठं तरी चक्कर मारून आल्याचं सांगितलं. एकदा भर दुपारी मी सबस्टेशनवरून आलो आणि हेल्मेट काढत म्हणालो, "ऊन फार चढलंय आज." काकू ओसरीत तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऊन कशाला चढंल? तुमीच त्याच्या म्होरं जाऊन हुबे राह्यलाव."

हे सगळं मूळचं त्यांचं नव्हतं. मूळचं होतं मास्तरांचं. मागच्या खोलीतले 'मागचे' म्हणजे मास्तर, काकूंचे मालक. वालूरच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवण्यात उभा जन्म घालवला होता. रिटायर होऊन झरीला घरी आले आणि थोड्याच दिवसांत लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं बंद झालं. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना पृथ्वी कशी फिरते ते ओरडून सांगितलं, तो आता पलंगावर पडून नुसता बघायचा. मग त्यांचं बोलणं काकूंनी चालवायला घेतलं. लग्नापासून त्या मास्तरांची टिंगलच करत आल्या होत्या म्हणे. ते सूर्याचं काही सांगायला लागले की ह्या म्हणायच्या, "तुमची पृथ्वी फिरू द्या, माझी भाकर करपायली." मास्तर गप झाले तशी टिंगल थांबली आणि तीच वाक्यं काकूंच्या तोंडून यायला लागली.

मास्तरांचा मुक्काम एरवी मागच्या खोलीत. ती स्वयंपाकघराला लागून होती, त्यांनी नुसतं कण्हलं तरी चुलीपाशी ऐकू यायचं. पण तिथं ऊन यायचं नाही. थंडी पडली की मास्तरांची बोटं आखडायची, जबडा घट्ट व्हायचा. समोरच्या खोलीची खिडकी दक्षिणेला होती. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तिच्यातून ऊन आत यायचं आणि पलंगावर पडायचं. त्या उन्हात काकू त्यांच्या हाताला तेल चोळत बसायच्या. तासाभरानं बोटं सैल व्हायची, कधी कधी ओठही. मग मास्तर बोलायचे. एक शब्द, फार तर दोन. "पाणी." "बस." एकदा म्हणे सरळ काकूंचं नाव घेतलं होतं, तेही लग्नाआधीचं, माहेरचं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की ऊन आणि बोलणं ह्यांचा तसा काही संबंध नाही. काकू म्हणायच्या, "डाक्टर हिवाळ्यात कुठं आलाय बघायला?" वर्षभरात त्यांच्या वाट्याला मास्तरांचे जे काही शब्द यायचे ते दिवाळी ते होळी एवढ्यातच यायचे, आणि त्या खिडकीतल्या उन्हातच यायचे. म्हणून ती खोली तेवढे महिने माझी नव्हती.

आमची ही अदलाबदल म्हणजे गल्लीची करमणूक होती. माझी ट्रंक, गॅस, गादी अंगणातून मागं जायची आणि मास्तरांचा पलंग चौघांच्या खांद्यावरून पुढं यायचा. समोरच्या ओट्यावरून कुणी तरी विचारायचंच, "काय साहेब, बदली झाली का?" मी म्हणायचो, "हो, मागच्या खोलीत." आता मी खरोखरच बदलून येलदरीला आलोय, क्वार्टर आहे, कुणी हलवत नाही. तरी दिवाळी आली की ट्रंकेकडं लक्ष जातं.

समोरच्या खोलीच्या शहाबादी फरशीवर गेरूच्या रेघा होत्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरांनी खेळायला आखल्यात. पुसायला गेलो तर काकू धावून आल्या. ऊन खिडकीतून किती आत येतं त्याच्या त्या खुणा होत्या. होळीची रेघ भिंतीलगत, दिवाळीची आणि शिवरात्रीची खोलीच्या मध्यावर शेजारी शेजारी, संक्रांतीची त्यांच्या बरीच पुढं आणि सगळ्यात आत एक जाड रेघ, पौषाची. सूर्य दक्षिणेला झुकत जातो तसं ऊन आत सरकत जातं, उत्तरेला यायला लागला की पाऊल पाऊल मागं. दिवाळीला येताना जिथं भेटतं तिथंच शिवरात्रीला जाताना भेटतं. काकू त्या दोन रेघांना जावा-जावा म्हणायच्या, कारण त्या एका जागी राहत नसत. दर वर्षी थोड्या इकडं, थोड्या तिकडं.

"सण चंद्राचे हायेत," काकूंनी मला समजावलं होतं. "ऊन सूर्याचं हाय. मंग दोघांचं जमंल कसं? संक्रांत तेवढी सूर्याची. तिची रेघ बगा, हलत न्हाई."

भिंतीवरच्या कॅलेंडरशी त्यांचं वैर होतं, कारण त्यात सूर्योदयाची वेळ मुंबईची. आपल्याकडं मुंबईच्या आधी दिवस उजाडतो ह्याचा त्यांना केवढा अभिमान. "मुंबईला समदं आधी मिळतंय. रस्ते आधी, पाणी आधी, तुमची लाइट आधी. सूर्य तेवढा आमाला आधी." हे त्या इतक्या समाधानानं म्हणायच्या की वाटावं, तो त्यांनीच मागून आणलाय.

संकष्टीला तर गल्लीतल्या बायका चंद्राची चौकशी करायला आमच्या अंगणात यायच्या. उपास सोडायला चंद्र दिसला पाहिजे, आणि पोटात कावळे ओरडत असताना तो नेमका उशीर करणार. एका संकष्टीला टीव्हीत सांगितलेली वेळ होऊन गेली तरी चंद्र दिसेना. काकूंनी जाहीर केलं, "निघालाय. लिंबाच्या आड हाय. जेवा." पण झाडाआडचा चंद्र चालतो का, ह्यावर बायकांचं एकमत होईना. शेवटी ताटं घेऊन सगळ्या जणी गच्चीवर चढल्या. त्याच रात्री मी विचारलं, हा रोज उशिरा का येतो? झालं. काकूंनी मला बेलाभोवती चालायला लावलं. मी चंद्र. त्या स्वतः बुंध्याजवळ उभ्या राहून जागच्या जागी फिरायला लागल्या. "बगा, माझी एक गिरकी झाली. तुमी दिसायला पाह्यजे होतात. हायेत का? न्हाई. फुडं गेलाव. मंग तुमाला गाठायला मला आणिक जराशीक फिरावं लागतंय. तेवढा उशीर." चंद्राला थांबायची परवानगी नव्हती. तिसऱ्या गिरकीला पृथ्वीला भोवळ आली आणि ती पदर धरून मट्कन ओट्यावर बसली. बायका हसून हसून लोळल्या.

पृथ्वी वाकडी आहे, हेही त्या कौतुकानंच सांगायच्या. "वाकडी हाय म्हणून तर चाललंय. सरळ असती तर बारा म्हैने एकच भाजी खावी लागली असती." भाजीवाली हे ऐकून म्हणायची, "तुमी घेता तर बारा म्हैने मेथीच."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं आणि मग बसूनं माडी बांधायची काढली.

बसवराज म्हणजे मास्तरांच्या धाकट्या भावाचा मुलगा. काकूंच्या दक्षिणेला लागून त्याचं दुकान, खतं-बियाणांचं, आणि मागं दोन खोल्या. स्वभावानं लाख माणूस. मास्तरांना दाढी करायला दर रविवारी तोच यायचा. मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्या दोन खोल्यांत आईबाप, बहीण आणि युरियाची पोती असा संसार होता. नवी नवरी आणून ठेवायची कुठं? म्हणून दुकानावर माडी. त्यात चूक काहीच नव्हतं. फक्त माडी चढली की काकूंच्या खिडकीसमोर भिंत येणार होती. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "आन ऊन?"

भाऊबंदांतली गोष्ट कोर्टात न्यायची त्यांच्यात रीत नव्हती. अशा वेळी स्वामींना बोलवायचं, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या गुरूंना, जंगमांना, आणि ते म्हणतील ते दोघांनी विभूती लावून मान्य करायचं. वैशाख चालू होता. शेतं मोकळी, माणसं मोकळी. बांधकाम काढायचं ते वैशाखात आणि त्याच्यावरचं भांडण मिटवायचं तेही वैशाखातच, हा गावाचा शिरस्ता. भर दुपारी स्वामी आले, शेजारपाजारचे आले. बसूनं दुकानाच्या गच्चीवर माडीच्या उंचीचा वेळू उभा केला आणि वरून ओरडला, "मोठीआई, बगा बरं, कुठं पडायली सावली?"

सगळ्यांनी बघितलं. सावली काकूंच्या अंगणात पडली नव्हती. बसूच्या गच्चीवरही पडली नव्हती. वेळूला सावलीच नव्हती. आमच्या भागात वैशाखात अशी एक दुपार येते, सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. नेमकी तीच दुपार बसूला सापडली होती. त्याला स्वतःलाही आश्चर्य वाटलं. तो वेळूभोवती फिरून सावली शोधायला लागला. लोक हसले, स्वामींनाही हसू आलं.

"अक्का, आता डोळ्यालाच दिसायलंय तर मी काय म्हणू?"

"स्वामी, ही वैशाखातली सावली हाय. ही पायाखाली राहती. पौषातली लांब पडती."

"लांब पडती हे आमाला ठावं हाय," बसू खाली येऊन म्हणाला. "पर तुमच्या खिडकीपर्यंत येईल कशावरून? एवढं अंगण हाय मधात. आन पौषापर्यंत थांबू म्हणता का मोठीआई? लगीन त्याच्या आधी हाय. नवरीला पोत्यावर बसवू का?"

मी डिप्लोमावाला. मी कागदावर भिंत काढली, सूर्य काढला, कोन टाकला आणि सावली खिडकीच्या आत जाते हे दाखवलं. स्वामींनी कागद इकडून तिकडून पाहिला आणि नम्रपणे परत दिला. कागदावरच्या सावलीसाठी कुणी आपली माडी सोडेल का? मीही सोडली नसती.

त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी अंगण झाडलं. पण 'फिरलो' असं म्हणाल्या नाहीत. दिवे लागल्यावर अचानक उठून बसूच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "पुनवेला स्वामीला घेऊन जेवायला ये. आमरस करते. त्या दिवशी तुला पौषातली सावली दावते."

परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, वैशाखात पौष कसा दाखवणार? तेव्हा त्यांनी सांगितलं. मास्तर शाळेतल्या पोरांना उन्हाळ्यात गच्चीवर न्यायचे आणि सांगायचे, पुनवेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. म्हणून सूर्य आभाळात उंच चढायच्या दिवसांत पुनवेचा चंद्र खालून जातो, दक्षिणेकडून, हिवाळ्यातल्या सूर्याच्या वाटेनं. आणि हिवाळ्यात उलटं. म्हणजे वैशाखातल्या पुनवेला रात्री साडेनऊला जिथं चंद्र, तिथंच पौषात सकाळी साडेनऊला सूर्य.

"असं ते म्हणायचे," काकू म्हणाल्या. "म्हणजे असंच काई तरी म्हणायचे. मी तवा भाकरी करायले होते लाइटवाले, निम्मंच ऐकलं. जलमभर ह्यांचं निम्मंच ऐकलं म्या. आता इचारावं तर बोलत न्हाईत."

पुनव येईपर्यंत त्या दिवसातून दहा वेळा मागच्या खोलीत जायच्या. "अवो, चंद्र खालूनच जातोय ना? बरोबर हाय ना माझं? नुसती पापणी हलवा." मास्तर बघत राहायचे. पापणी हलायची, पण ती एरवीही हलतच होती. खोटं पडलं तर समोरचं ऊन जाणार, आणि उन्हाबरोबर मास्तरांचे ते दोन-चार शब्दही जाणार, एवढाच त्यांचा घोर होता. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

पुनवेला आमरस उत्तम झाला होता, कुरडया त्याहून. बसू पोटभर जेवला. जेवताना तो मोठीआईकडं बघणं टाळत होता. जेवणं उरकली तसा चंद्र आग्नेयेला चांगला वर आला. पण गल्लीतल्या खांबाच्या पांढऱ्या दिव्यात त्याचं काही चालेना.

"लाइटवाले," काकू म्हणाल्या, "तेवढी तुमची लाइट घालवा."

ज्या बाईनं वर्षभर लाइट गेली म्हणून माझा जीव खाल्ला, ती आता लाइट घालवायला सांगत होती. सबस्टेशनवरून गावाची लाइट घालवणं म्हणजे माझी नोकरी घालवणं. मी सरपंचांना फोन करून विचारलं आणि खांबावरचं बटण बंद केलं. दोन मिनिटांत तीन जणांनी मला फोन केला, लाइट गेली का म्हणून.

मग अंगण उजळलं. बसू आणि त्याचा बाप गच्चीवर गेले. माडीच्या उंचीचे दोन वेळू आणि त्यांना बांधलेली ताडपत्री, हीच त्यांची भिंत. ती अजून आडवी पडलेली होती. आम्ही समोरच्या खोलीत. काकू भिंतीला टेकून फरशीवर, स्वामी माझ्या कॉटवर, मी दारात. खिडकीतून चांदणं आत आलं होतं, गजांच्या सावलीसकट, आणि हळूहळू सरकत गेरूच्या रेघा ओलांडत होतं. होळी ओलांडली, जावा-जावा ओलांडल्या, संक्रांत ओलांडली. जाड रेघेवर पोचलं आणि तिच्याही थोडं पलीकडं गेलं. वैशाखातल्या रात्री माझ्या खोलीत पौष आला होता.

"बसू, धर!" काकूंनी हाक दिली.

ताडपत्री उभी राहिली आणि खोलीतलं चांदणं गेलं.

"सोड!"

चांदणं परत आलं.

"धर! सोड! धर!" काकूंचा आवाज चढत गेला. ताडपत्री उठत होती, पडत होती. शेवटी स्वामी म्हणाले, "अक्का, दिसलं मला. त्या लेकराचे हात दुखतील."

पण बसूला बघायचं होतं. त्यानं मला वर बोलावलं, वेळू माझ्या हातात दिला आणि खाली गेला. मी ताडपत्री धरून उभा राहिलो. मग स्वामी अंगणात आले आणि मला हातानंच खाली ये म्हणाले. खोलीत बसू नव्हता. तो मागच्या खोलीत मास्तरांच्या पायाशी बसला होता, त्यांची दाढी करायला बसायचा तसा, पण हात रिकामे. उठून आला आणि म्हणाला, "मोठीआई, माडी मागं घेतो. तुमच्या बाजूला मोकळी गच्ची सोडतो. सैपाकाची खोली बारकी होईल, पर होईल."

"तिला म्हणावं माझ्या चुलीवर करीत जा," काकू म्हणाल्या आणि रडल्या. रडतानाही त्यांनी मला खांबाचा दिवा लावायला सांगितलं, कारण गल्लीत बायका ठेचकाळत होत्या.

माडी झाली, लग्न झालं. दिवाळीला माझी बदली मागच्या खोलीत झाली आणि मास्तर पुढं आले. नव्या माडीच्या बाजूनं ऊन नीट यायला लागलं. काकू रोज सकाळी रेघेशी बसून त्याची वाट बघायच्या, ते आलं की हुश्श करायच्या आणि तेलाची वाटी घ्यायच्या. पण त्या वर्षी मास्तर बोलेनात. मार्गशीर्ष गेला, एक शब्द नाही. बोटं सैल व्हायची, ओठ घट्टच. काकू मला म्हणाल्या, "ऊन हाय, समदं हाय, तरी बोलंनात. मी एवढं भांडले ते कशासाठी?" आणि वाटी ठेवून आत गेल्या.

पौषात एका सकाळी मी रात्रपाळी करून आलो. समोरच्या खोलीत बैठक बसली होती. बसू दुकान उघडायच्या आधी डोकावला होता. त्याची नवी नवरी चहाचे कप घेऊन उभी होती आणि काकू तिला पुनवेची गोष्ट सांगत होत्या, बहुतेक विसाव्यांदा. मास्तर उन्हात. त्यांचा हात काकूंच्या मांडीवर, बोटांना तेल चोळणं चालू.

"मंग मी म्हणलं, बसू, धर! आन चांदणं ह्या रेघेच्याबी फुडं, इथवर. एवढीबी चूक न्हाई बग पोरी. पौषातला सूर्य जिथं, तिथंच बरोबर तो चंद्र."

"चूक."

आवाज खरखरीत होता, विहिरीतून आल्यासारखा. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. मास्तर काकूंकडं बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठी होती. वर्गात पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर पडत असेल तशी.

"पाच," मास्तर म्हणाले. ओठ जुळवायला त्यांना फार कष्ट पडत होते. "पाच... अंश. खाली."

मी फोन काढून शोधलं. खरंच होतं. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी तंतोतंत जुळत नाही, ती पाच अंशांनी कललेली असते. काही वर्षं उन्हाळ्यातला पुनवेचा चंद्र हिवाळ्यातल्या सूर्याच्या थोडा वरून जातो, काही वर्षं खालून. त्या वर्षी तो खालून गेला होता. काकूंनी भाकरी करताना जे ऐकलं नव्हतं ते निम्मं हेच.

बसूनं डोक्याला हात लावला. "म्हणजे सावली जास्तीची पडली होती? माझी सैपाकाची खोली खामखा बारकी झाली की ओ!" आणि तो मोठ्यानं हसायला लागला. नवरीनं पदर तोंडाला लावला.

काकू हसल्या नाहीत. मला वाटलं, आता बसूची खैर नाही, माझीही नाही. त्यांनी मास्तरांचा हात हळूच मांडीवरून उचलून उन्हात ठेवला. उठल्या. तेलाचे हात पुसायचंही त्यांना सुचलं नाही. तशाच अंगण ओलांडून गल्लीत गेल्या, समोरच्या दाराची कडी धडाधड वाजवली, मग त्याच्या पुढच्या दाराची. आम्हाला घरात ऐकू येत होतं.

"आगं ऐकलं का? मी चुकले! मास्तर म्हणले, मी चुकले!"